आमची आग आतून जळते

हल्ली एक मत मोठ्या आत्मविश्वासानं मांडलं जातं. आग विझवण्याचं तंत्र आता फार पुढं गेलं आहे. छताला टांगलेला फायर बॉल ज्वाळा लागताच आपणहून फुटेल, मोबाइलला जोडलेला सिलिंडर स्वतःचा दाब स्वतः कळवेल, ड्रोन वरून पावडर सोडील. आणि पाणी, होज पाइप, बंब, फायरमन हे सगळं हळूहळू मागं पडेल. यवतमाळसाठी या मताला एक खास पुरवणीही जोडली जाते. तुमच्याकडे पाण्याची टंचाई, बंब यायला तास लागतो, तेव्हा बिनपाण्याचं तंत्र तुमच्यासारख्या जिल्ह्यासाठीच आहे, असं सांगितलं जातं. ऐकणाऱ्याला ते पटतं. मला ते साफ चुकीचं वाटतं. ती उपकरणं खोटी आहेत असं माझं म्हणणं नाही. आमच्याकडे काय जळतं आणि कसं जळतं, हे ती विकणाऱ्यांनी आणि विकत घेणाऱ्यांनी पाहिलेलंच नाही, हे माझं म्हणणं आहे.

आमच्याकडे जळतो कापूस. जिनिंगच्या आवारात उघड्यावर रचलेली कपाशीची गंजी, रेच्यातून निघालेली रुई, प्रेसमध्ये दाबून बांधलेली १७० किलोंची गठाण. वणीच्या पट्ट्यात जळतो कोळसा. गावात जळते कडब्याची गंजी, कुटाराचा ढीग, पऱ्हाटीचा भारा. उन्हाळ्यात टिपेश्वर आणि पैनगंगा अभयारण्याच्या बाजूनं जळतो सागाचा पाला. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. ज्वाळा दिसते ती वरवरची असते. खरी आग आत असते, धुमसत असते, आणि ज्वाळा विझल्यावरही संपत नाही.

कापसाचं उदाहरण नीट पाहू, कारण या जिल्ह्याचं पोट त्यावर आहे. वेचणीत कपाशीबरोबर एखादा खडा येतो, ट्रॉलीचा सुटलेला बोल्ट येतो. यंत्राच्या पोलादावर तो आपटतो आणि ठिणगी पडते. कधी रेच्याच्या रोलरवर रुई अडकून घर्षणानं तापते, कधी पट्टा घासतो. ही ठिणगी तिथं पेटतेच असं नाही. हवेच्या ओढीबरोबर ती पाइपातून पुढं जाते, रुईच्या ढिगात शिरते, आणि कधी कधी तिथून गठाणीतही बांधली जाते. तंतूंच्या पोकळ्यांत जी थोडी हवा अडकलेली असते तेवढी तिला पुरते. गठाण बाहेरून पांढरीशुभ्र दिसते, पोटात निखारा असतो. काही दिवसांनी गोदामात, नाहीतर ट्रकवर, धूर दिसू लागतो. घाबरून कोणी गठाणीच्या पट्ट्या तोडल्या की आत भसकन हवा जाते आणि तोवर धुमसणारी आग उफाळून उठते. जिनिंगमधल्या जुन्या फिटरला हे सगळं पाठ असतं. संशय आलेली गठाण तो बाकीच्यांपासून लांब नेऊन टाकतो आणि तिच्यावर नजर ठेवतो.

आता या गठाणीवर फायर बॉल टाकून पाहा. सव्वा-दीड किलोचा तो गोळा, आत अमोनियम फॉस्फेटची पावडर. ज्वाळा लागली की काही सेकंदांत फुटतो आणि पावडर चहूकडे उडते. ज्वाळेची रासायनिक साखळी तुटते, पावडर वितळून पृष्ठभागावर पातळ थर धरते. लहान खोलीतल्या उघड्या ज्वाळेसाठी, बंदिस्त इलेक्ट्रिक पॅनलसाठी हे काम चांगलं आहे, आणि तिथं ते जरूर असावं. पण कापसाच्या ढिगाला ही पावडर थंड करत नाही आणि ढिगाच्या आत शिरत नाही. ज्वाळा बसते, लोक सुटकेचा श्वास टाकतात, पांगतात, आणि दोन तासांनी तोच ढीग पुन्हा पेटतो. आग विझल्याचा समज होणं हा आगीइतकाच मोठा धोका आहे. भिंतीवरच्या नेहमीच्या एबीसी पावडरच्या सिलिंडरचंही तेच. सहा किलोंचा सिलिंडर पंधरा-वीस सेकंदांत रिकामा होतो. पहिल्या मिनिटाला तो देवासारखा धावून येतो, दहाव्या मिनिटाला त्याचा काही उपयोग नसतो.

२०१५ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात दोन विद्यार्थ्यांनी खालच्या पट्टीच्या ध्वनिलहरींनी छोटी आग विझवून दाखवली. त्याचा व्हिडिओ जगभर फिरला आणि आजही भविष्याचा पुरावा म्हणून दाखवला जातो. प्रयोग सुंदर आहे, त्या मुलांचं कौतुकच आहे. ध्वनीच्या दाबानं ज्वाळेभोवतीची हवा हलते आणि ज्वाळा तुटते. पण आवाजानं निखारा थंड होत नाही. तव्यातल्या पेटलेल्या तेलावर दाखवलेलं तंत्र कपाशीच्या गंजीला लागू पडेल असं गृहीत धरणं म्हणजे तापावरची गोळी मोडलेल्या हाडावर देणं.

कापसाला पाणीच लागतं. इथं मात्र विरुद्ध बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा येतो आणि त्याला टाळून पुढं जाणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. यवतमाळात पाणी कुठं आहे? २०१८ चा उन्हाळा ज्यांनी इथं काढला त्यांना हा प्रश्न समजावून सांगायची गरज नाही. निळोणा आणि चापडोह, शहराला पाणी देणारी दोन्ही धरणं आटली होती. कित्येक दिवसांनी एकदा पाणी मिळत होतं, टँकरमागं भांडणं होत होती. प्यायला पाणी नाही तिथं आगीवर ओतायला कुठून आणणार?

मी या प्रश्नाचं उत्तर जिनिंगच्या छपरावर शोधतो. एक हजार चौरस मीटरचं पत्र्याचं शेड ही मध्यम जिनिंगमध्ये साधी गोष्ट आहे. त्यावर शंभर मिलिमीटर पाऊस पडला की एक लाख लिटर पाणी खाली येतं. जिल्ह्यात वर्षाला नऊशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. थोडी गळती, थोडं बाष्प वजा केलं तरी पाच मीटर रुंद, दहा मीटर लांब आणि दोन मीटर खोल झाकलेली टाकी दीड-दोन आठवड्यांच्या बऱ्या पावसात काठोकाठ भरते. पाच हजार लिटरचा बंब धरला तर वीस बंबांचं पाणी आवारातच उभं राहतं. आणि ऋतूंचा मेळ पाहा. पाऊस जून ते सप्टेंबर, जिनिंगचा हंगाम दिवाळीनंतर. सीतादहीची पूजा होऊन पहिली वेचणी घरी येते तेव्हा टाकी भरलेली असते. यात कुणाच्या तोंडचं पाणी काढून घेतलं जात नाही. टंचाईचं कारण सांगून बिनपाण्याचं उपकरण विकणारा माणूस आपल्या डोक्यावरच्या पत्र्याकडे बघत नाही, याचं मला वाईट वाटतं.

पाणी असलं म्हणजे झालं, असंही नाही. कच्च्या कापसाच्या तंतूवर निसर्गानंच मेणाचा पातळ थर दिलेला असतो. दवाखान्यातला कापूस पाणी झटकन पितो, कारण त्याचं मेण धुऊन काढलेलं असतं. रेच्यातली रुई मात्र पाण्यावर तरंगते. गंजीवर नुसतं पाणी मारलं तर बरंच वरून घरंगळून जातं. यावर उपाय आहे, आणि तो या जिल्ह्यातल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. फवारणीच्या पंपात आपण औषधाबरोबर स्टिकर टाकतो, थेंब पानावरून ओघळू नये, पसरावा म्हणून. आगीच्या पाण्यातही तशाच जातीचा द्रव मिसळतात. पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, पाणी मेणाला न जुमानता ढिगात उतरतं, आणि कमी पाण्यात जास्त काम होतं. जगभर या भिजवणाऱ्या द्रवांवर काम सुरू आहे. आमच्यासाठी आगीचं भविष्य कशात असेल तर त्यातला एक मोठा वाटा या साध्या मिश्रणात आहे. त्याचा व्हिडिओ कुणी बनवत नाही, कारण त्यात दाखवण्यासारखं काही नाही.

त्याहून मोठा वाटा ठिणगी ओळखण्यात आहे. सूतगिरण्यांत हे तंत्र कित्येक वर्षांपासून आहे. पाइपात इन्फ्रारेड सेन्सर बसवतात. उडत जाणारी ठिणगी डोळ्याला दिसायच्या आत त्याला दिसते, पुढची झडप क्षणात वळते आणि तेवढी रुई बाजूच्या पेटीत पडते. पाण्याचा थेंब लागत नाही, चांगली रुई भिजत नाही, आग ढिगापर्यंत पोचतच नाही. खऱ्या अर्थानं बिनपाण्याचं तंत्र हेच आहे, पण बिनपाण्याचा जयघोष करणाऱ्यांच्या यादीत ते क्वचित दिसतं. कारण ते टांगता येत नाही, बसवावं लागतं. पाइपांची मांडणी समजून घ्यावी लागते आणि त्याची काच दर आठवड्याला पुसावी लागते. त्याच्या जोडीला गंजीत खुपसून आतलं तापमान सांगणारी लांब सळई आणि गठाणीवरून फिरवायचा थर्मल कॅमेरा. कोळशाच्या ढिगालाही याच दोन गोष्टी लागतात. दगडी कोळसा हवेतला ऑक्सिजन घेत आतल्या आत तापतो आणि एके दिवशी आपोआप पेटतो. वणीकडच्या माणसांना धुमसता कोळसा नवीन नाही.

नव्या तंत्राचे पुरस्कर्ते जगाकडे बोट दाखवतात, म्हणून जगात काय चाललं आहे तेही पाहायला हवं. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात हॅलॉन वायू आला. पाणी नको, ओल नको, डाग नको. संगणकाच्या खोल्यांपासून विमानांपर्यंत सगळीकडे हॅलॉन. मग कळलं की तो ओझोनचा थर खातो. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर तो हटवायला सुरुवात झाली. त्याच्या जागी एचएफसी-२२७ आला. तो ओझोन खात नाही, पण हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या तीन हजार पटींहून पुढं आहे. २०१६ च्या किगाली दुरुस्तीनं त्यालाही उतरती कळा लावली आणि भारतानं २०२१ मध्ये ती दुरुस्ती स्वीकारली. पर्याय म्हणून फ्लोरिनयुक्त द्रव आले, तर २०२२ च्या डिसेंबरमध्ये थ्रीएम कंपनीनं या जातीच्या रसायनांचं उत्पादन २०२५ अखेर बंद करण्याचं जाहीर केलं. तेलाच्या आगीवरचे फ्लोरिनचे फेसही याच कारणानं मागं घेतले जात आहेत. ती रसायनं माती-पाण्यात जिरतात आणि जाता जात नाहीत. मग आता जग कुठं चाललं आहे? नायट्रोजन-आर्गॉनसारख्या हवेतल्याच वायूंकडे, आणि पाण्याकडे. फक्त पाणी आता धुक्यासारखं बारीक करून वापरतात. थेंब जितका लहान तितकी त्याची वाफ लवकर होते. वाफ होताना पाणी प्रचंड उष्णता ओढून घेतं, सुमारे सतराशे पट फुगतं आणि आगीजवळची हवा ढकलून देतं. चार दशकं वायूंच्या मागं फिरून जग पुन्हा पाण्याशी आलं आहे. त्याच वेळी आम्हाला पाणी सोडायला सांगणं हे भविष्य नव्हे.

या धुक्याचं सर्वांत चांगलं भारतीय उदाहरण यवतमाळकरांच्या जखमेशी जोडलेलं आहे. ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे यवतमाळहून मुंबईला निघालेली खासगी ट्रॅव्हल्स नाशिकजवळ ट्रकवर आदळली, पेटली आणि बारा माणसं गेली. दिवाळीच्या तोंडावर, झोपेत. पुढच्या वर्षी १ जुलैला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला जाणारी बस उलटून पेटली आणि पंचवीस जण होरपळले. आपल्याकडचं पोरगं पुण्या-मुंबईला शिकायला किंवा कामाला जातं ते याच रात्रीच्या गाड्यांनी. आणि ही गोष्ट मनाला लागते: नाशिकच्या जवळजवळ दोन वर्षं आधी, नोव्हेंबर २०२० मध्ये, डीआरडीओनं दिल्लीत संरक्षणमंत्री आणि रस्ते वाहतूक मंत्र्यांसमोर बससाठीची यंत्रणा प्रत्यक्ष चालवून दाखवली होती. ८० लिटर पाण्याची टाकी, २०० बार दाबाचा नायट्रोजनचा सिलिंडर आणि प्रवाशांच्या डोक्यावर धुकं सोडणारी १६ तोंडं. तीस सेकंदांच्या आत आग ओळखायची आणि मिनिटभरात दाबायची. इंजिनासाठी वेगळी एरोसोलची यंत्रणा, पाच सेकंदांत काम करणारी. जानेवारी २०२२ मध्ये लांब पल्ल्याच्या आणि शाळेच्या बसमध्ये प्रवाशांच्या भागासाठी अशी यंत्रणा आणणारा नियमही निघाला. पण तो नव्या बांधणीच्या गाड्यांसाठी. रात्री आपण ज्या गाडीत पोरांना बसवतो ती किती साली बांधलेली आहे?

टक्करीनंतर डिझेलची टाकी फुटून लागलेल्या आगीत ८० लिटर धुक्यानं सगळे वाचले असते असा दावा मी करणार नाही. धुकं मुख्यतः वेळ देतं. धग खाली ठेवतं, मागच्या दारापर्यंत जाता येईल एवढी. झोपेतून दचकून उठलेल्या माणसाला तेवढीच मिनिटं हवी असतात. तंत्र आपल्याकडे आहे, आपल्या पैशानं, आपल्याच प्रयोगशाळेत तयार झालेलं. जुन्या गाड्यांत ते बसवण्यासाठी अनुदान, मुदत आणि परमिटची अट या तिन्ही गोष्टी सरकारच्या हातात आहेत. ड्रोनवर बोलणारा एकही माणूस यावर बोलताना मी ऐकलेला नाही.

मला कुणी म्हणेल, तुम्ही जुन्या आगींत अडकलात. नव्या आगी वेगळ्या आहेत, बॅटरीच्या आहेत. खरं आहे, इलेक्ट्रिक स्कूटर आता तालुक्याच्या गावांतही आल्या आहेत. पण लिथियम बॅटरी जळते कशी? एक सेल तापतो, त्याच्या उष्णतेनं शेजारचा तापतो, आणि ज्वाळा दाबली तरी आत ही मालिका सुरूच राहते. आतलीच रसायनं तुटून उष्णता, वायू, थोडा ऑक्सिजनही देत राहतात. पावडर मारली, ज्वाळा बसली, अर्ध्या तासानं पुन्हा पेट. हे वर्णन ओळखीचं वाटत नाही का? ही गठाणीचीच आग आहे. हिलाही थंड करणं हाच उपाय, म्हणजे भरपूर पाणी आणि मग लांब नेऊन नजर ठेवणं. २०२२ मध्ये देशात स्कूटर पेटण्याच्या घटना वाढल्यावर बॅटरीचे नियम कडक झाले, बरं झालं. पण आमच्या गावातली एक गोष्ट त्या नियमांत मावत नाही. भाव चढेल या आशेनं शेतकरी कापूस विकत नाही, घरात भरतो. ओसरीत कापूस, माजघरात कापूस, त्यावर लेकरं झोपतात, अंगाला खाज सुटते. त्याच घरात, त्याच बोर्डावर, आता रात्रभर बॅटरी चार्जिंगला लागेल. मला झोप उडवणारं भविष्य हे आहे. त्यावर पहिला उपाय फुकटचा आहे: चार्जिंग अंगणात, कापसापासून दूर, जागेपणी. दुसरा उपाय साठवणुकीची गोदामं आणि वेळेवर खरेदी, आणि तो अग्निशमनाच्या खात्यात येत नाही म्हणून कुणी मांडत नाही.

माणूस लागणार नाही, हा या मताचा शेवटचा खांब. जंगलाकडे पाहा. भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहावरून वणवा टिपतं आणि संदेश थेट वनरक्षकाच्या मोबाइलवर येतो. उत्तम सोय आहे. पण संदेश आल्यावर पाठीवर ब्लोअर घेऊन डोंगर चढतो तो माणूसच, आणि मोहाच्या झाडाखाली पाला पेटवू नये म्हणून पाड्यावर जाऊन समजावतो तोही माणूसच. सिलिंडरचं सांगायचं तर महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक कायदा आहे, डिसेंबर २००८ पासून लागू. त्याखाली दर जानेवारी आणि जुलैमध्ये मालकानं परवानाधारक संस्थेकडून ‘ब’ नमुन्यातलं प्रमाणपत्र घ्यायचं असतं, यंत्रणा चालू आहे असं सांगणारं. कागद येतो. पण सिलिंडर उतरवून उलटा करून आतली पावडर घट्ट बसली आहे का हे किती ठिकाणी पाहिलं जातं? मोबाइलला जोडलेला सिलिंडर दाब बरोबर सांगेल, गोठलेल्या पावडरबद्दल तो मुका आहे. आणि रात्रपाळीला रुई उचलणाऱ्या बाया, बाहेरून हंगामासाठी आलेले हमाल, यांच्यापैकी कुणाच्या हातात कधी कुणी सिलिंडर दिला आहे? पिन ओढायची, नळी आगीच्या बुडाशी धरायची, हे एका दुपारी शिकवून होतं. २०१७ मध्ये याच जिल्ह्यात फवारणीच्या विषानं शेतकरी आणि शेतमजूर मेले. औषध नवं होतं, पंप नवे होते. मास्क, हातमोजे आणि कसं फवारायचं हे सांगणारा माणूस तेवढा पोचला नव्हता. तेच आगीच्या बाबतीत पुन्हा करायचं नसेल तर यंत्राच्या आधी शिकवणारा पोचला पाहिजे.

विमा आहेच, असं म्हणणारेही भेटतात. विमा मालाचा आणि इमारतीचा असतो. आग लागली की हंगामाचं काम गेलेल्या हमालाला त्यातून काही येत नाही. ज्याची कपाशी गंजीत पडली आहे आणि पैसे अजून मिळायचे आहेत तो शेतकरीही कागदावर कुठंच नसतो.

माझी मागणी म्हणून साधी आहे. पुढच्या हंगामाआधी, पाऊस संपायच्या आत, जिल्ह्यातल्या एका जिनिंगच्या उघड्या मैदानात सगळ्यांनी जमावं. फायर बॉलवाल्यांनी यावं, ड्रोनवाल्यांनी यावं, भिजवणाऱ्या द्रवाचा कॅन आणि होज पाइप घेऊन नगर परिषदेच्या फायरमननीही यावं. प्रत्येकासमोर एक गठाण ठेवू, १७० किलोंची, पोटात निखारा सोडलेली. ज्यानं त्यानं आपल्या तंत्रानं ती विझवावी, वेळ हवा तितका घ्यावा. मग सगळ्या गठाणी एकमेकींपासून लांब, तशाच उघड्यावर राहू द्याव्यात, आणि चौथ्या दिवशी सकाळी सर्वांसमक्ष त्यांच्या पट्ट्या तोडाव्यात.